टिचबटणाचा बूट

बाई, तुमचा मुलगा मागच्या सोमवारी आमच्या शाळेत आला होता. पुलगावचं कापडाचं दुकान आता तुमचा नातू सांभाळतो, त्यामुळे मुलाला वेळच वेळ आहे. एवढ्या लांब केळझरकडे तो आला, हातात दुकानाची पिशवी आणि पिशवीत तुमचं ते पुस्तक. माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला, "आईची आठवण हाये मॅडम. घरी पडून पडून कसर लागून राह्यली, म्हटलं शाळेच्या कामी येईन." मी पिशवीत हात घातला नाही. वरूनच ओळखलं. मांजरपाटाची जाड पानं, उशीच्या अभ्र्याएवढी, कडेला बुटाच्या नाडीनं ओवलेली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तुमची वस्तू अजून माझ्या टेबलावर येऊन बसते, याचा मला संताप आला. तो संताप कुठंतरी उतरवावा म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही हे वाचणार नाही तेच बरं. जिवंत होता तोवर मी तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही, फक्त दरवेळी पाया पडले.

नाचणगावची तुमची बालवाडी म्हणजे एक खोली, पुढं ओटा आणि ओट्यापुढं मुरमाचं अंगण. दुकानात उरलेले कटपीस तुम्ही घरी न्यायच्या आणि त्यांची पुस्तकं शिवायच्या. छापील चित्रांचं पुस्तक आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तुमची कापडी पुस्तकं बाहेर निघाली की आम्ही एकमेकांच्या अंगावर चढायचो. एक भाजीबाजाराचं होतं, एक गाईचं होतं आणि एक माझं. माझं आहे असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. पण त्यातल्या मुलीला दोन वेण्या होत्या, लाल रिबिनी होत्या आणि डाव्या पायात लोखंडी बूट होता, आणि गावात पोलिओ झालेली, दोन वेण्यांची, डाव्या पायात बूट घालणारी मी एकटीच होते. मुलीचं नाव तेवढं तुम्ही वेगळं ठेवलं होतं, हा तुमचा मोठेपणा. तो बूट तुम्ही काळ्या रेक्झिनचा केला होता, दोन्ही बाजूंना चंदेरी जर लावून, आणि तीन टिचबटणांनी बाहुलीच्या पायावर बसवला होता. सगळ्या पुस्तकात सगळ्यांत सुंदर तोच होता, हे मान्य करायला मला आजही जड जातं.

पहिल्या पानावर ती मुलगी रडत होती. दुसऱ्यावर दूध पीत होती. पुढं ती आईचं ऐकत होती, कोणाशी भांडत नव्हती, पायाला तेल लावून घेताना हूं की चूं करत नव्हती. आणि शेवटच्या पानावर तिचा बूट निघायचा. ज्याचा नंबर असेल त्या पोरानं पुढं यायचं, टिच टिच टिच तीन बटणं ओढायची, बूट हातात यायचा आणि खाली दोन सारखे, गुबगुबीत पाय. फ्रॉकचा घेर तुम्ही असा उडवून शिवला होता की मुलगी पळत सुटली आहे. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. रोज एकाचा नंबर. रांगेवरून मारामाऱ्या व्हायच्या. मी पुढच्या ओळीत बसलेली असायचे, माझा खरा बूट लांब पसरून, कारण गुडघ्याची कडी उघडल्याशिवाय तो वाकत नसे. टाळ्या वाजवून झाल्या की सगळी पोरं त्याच्याकडे बघायची. तुम्हीही बघायच्या, बाई, फार मायेनं.

मुलगी गुणी झाली म्हणून बरी झाली, असं ते पुस्तक होतं. मी दूध प्यायले. दुधाचा वास सहन होत नव्हता तरी नाक दाबून प्यायले. तेल लावताना ओठ चावून गप्प बसले. शेजारच्या पोरीनं माझी पाटी फोडली तेव्हा भांडले नाही. पाय होता तसाच राहिला. यातून पाच वर्षांच्या पोरीला काय कळावं? तिला एवढंच कळलं की कमी पडतेय ती तीच, आणखी कुठंतरी तिनं काहीतरी वाईट केलेलं असणार. माझ्या आईनंही माझ्यासाठी नवस केला होता. मला कडेवर घेऊन ती गिरडची टेकडी चढली, दर्ग्यात डोकं टेकलं आणि येताना पायरीवर बसून मला फुटाणे देत म्हणाली, "आपुन सांगून आलो. आता त्याइच्या मनात असंन तं होईन, नाई तं नाई." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. तिला जे मागायचं होतं ते तिनं वर टेकडीवर मागितलं. तुम्ही तेच माझ्याकडे मागत होता, रोज, चाळीस पोरांसमोर.

खरा बूट नागपूरहून आला होता. बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या, मांडीला चामड्याचा एक पट्टा, गुडघ्याला एक, पोटरीला एक. एप्रिलमध्ये लोखंड इतकं तापायचं की आई जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्याला गुंडाळायची. चालताना कडी वाजायची आणि पोरांना मागं न बघता कळायचं की मी आले. पण तो घातला की मी विहिरीपर्यंत जात होते, बोरीखाली जात होते, दुकानातून गूळ आणत होते. तो काढला की जमिनीवर सरकत होते. तुमच्या पुस्तकात बूट म्हणजे आजार होता, आणि आमच्या घरी तो बूट म्हणजे माझा पाय होता. तुम्ही आमच्या घरी चारदा तरी आला असाल, चहा घेऊन गेलात. मला कडेला बसवून आईला एकदा विचारलं असतंत तरी कळलं असतं.

आणि मग तो दिवस. तुम्ही आत मुगाची उसळ शिजली का ते बघत होता. ओट्यावर मी आणि चार-पाच मुली. त्यांनी माझे पट्टे सोडले, बूट ओढून काढला आणि टाळ्या वाजवल्या, पुस्तकाला वाजवायच्या तशाच. "पळ, पळ," म्हणाल्या. मी भिंतीला धरून अंगणात उभी राहिले, भिंत सोडली, पाऊल टाकलं आणि तोंडावर पडले. हनुवटी मुरमावर फुटली. तिची खूण आहे अजून, फोटोत दिसते. तुम्ही पदराला हात पुसत बाहेर आलात. "कोणं काढला बूट?" कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. सगळ्या खाली मान घालून उभ्या. आणि बाई, तेव्हा तुमचा चेहरा फुलला. रागावायच्या जागी तुम्ही हरखलात. तुमचं पुस्तक पोरींच्या मनात किती उतरलंय ते तुम्हाला दिसलं. मग माझ्याकडे वळून तुम्ही मलाच रागावलात. "रडून काऊन राह्यली? त्याइनं प्रेमानंच केलं ना? तू अशी रडशीन तं त्याइले किती वाईट वाटंन. उठ, शूर पोर हायेस ना तू?" माझ्या फ्रॉकवर रक्त टपकत होतं आणि मी त्या मुलींना वाईट वाटू नये म्हणून रडणं गिळत होते.

त्याहून वाईट पुढं झालं. तुम्ही बूट परत घालायला बसलात आणि तुम्हाला तो घालता येईना. बाहुलीचा बूट डोळे मिटून लावणाऱ्या तुम्ही, खऱ्या बुटाचा कुठला पट्टा आधी हे तुम्हाला माहीत नव्हतं. मांडीचा आधी आवळलात, मग गुडघ्याचा पोचेना. शेवटी मीच सांगितलं, "पह्यले खालचा, बाई. मंग गुडघ्याचा. मंग वरचा." तुम्ही "हो का?" म्हणालात. वर्षभर माझ्या पायाची गोष्ट सांगत होता आणि तोवर त्या पायाला एकदाही हात लावला नव्हता. घरी गेल्यावर आईनं हनुवटीला हळद लावली आणि विचारलं, तर मी पडले एवढंच सांगितलं.

पहिलीत जाताना तुम्ही मला चपला दिल्यात. लाल, वर पिवळं फूल. "बरी झाली का घालजो," म्हणालात आणि माझ्या गालावर हात फिरवलात. आईनं त्या घेतल्या. घरी आल्यावर तिनं त्या कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. वर्षातून एकदा कपडे काढताना ती विचारायची, "देऊन टाकू का कोणाले?" मी नको म्हणायचे. दुसरीतच त्या माझ्या चांगल्या पायालाही होत नव्हत्या, तरी मी पाचवीपर्यंत नको म्हणत राहिले. असं काही तुम्ही कुठल्या दुसऱ्या पोराला दिलं असेल तर त्याच्या वतीनंही मी हे लिहिते आहे असं समजा.

मोठी झाले, डी.एड. केलं, नोकरी लागली. तुमच्या सत्काराला मला मुद्दाम बोलावलं गेलं. तुम्ही माईक हातात घेऊन सांगितलंत, माझ्या पुस्तकातली मुलगी आज शिक्षिका झाली. लोकांनी डोळे पुसले. मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढले तेव्हा टाळ्या वाजल्या, बोलायच्या आधीच, नुसत्या चढण्याबद्दल. मी तुमच्या पाया पडले. तुम्ही गेलात तेव्हा तेरवीलाही आले होते. सगळे तुमच्या मायेबद्दल बोलत होते आणि मी बुंदी दोनदा मागून घेतली. तेवढाच माझा सूड.

आज मी पहिलीला शिकवते. माझ्या पायात अजून बूट आहे, हलका, प्लास्टिकचा. नवीन पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, हे काय हाये?" मी पाय पुढं करते आणि दाखवते. "झोपताना काढता का?" काढते. "आंघोळीले?" काढते. "दुखते का?" उन्हाळ्यात टोचतो. मग त्यांचं समाधान होतं आणि ती डबा खायला जातात. तालुक्याच्या प्रशिक्षणात अपंगत्वावरची चित्रांची पुस्तकं आली तेव्हा मी मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. म्हटलं, आली परत बाईंची पिलावळ. निम्मी तशीच होती, शेवटच्या पानावर कोणीतरी पदक घेतलेलं. पण एक निघालं, त्यात एका हाताची मुलगी आहे आणि सगळी गोष्ट तिच्या हरवलेल्या बकरीची. हाताबद्दल अवाक्षर नाही. ते मी वर्गात वाचलं. एकानं विचारलं, "तिचा हात कुठी गेला?" मी म्हटलं, जन्मापासून तसाच आहे. तो म्हणाला, "अन् बकरी?" मी पान उलटलं. एवढंच असतं हो, बाई. पोर विचारतं ते खरं सांगायचं आणि मग बकरी शोधायला लागायचं. तुम्हाला ते जमलं नाही, कारण तुम्हाला बकरी नको होती, टाळ्या हव्या होत्या.

माझ्या वर्गात यंदा एक मुलगी आहे, सहा वर्षांची. जन्मापासून पाय आखडलेले, चाकांचा वॉकर ढकलत येते, दोन्ही पोटऱ्यांना बूट. भांडखोर आहे, दूध सांडते, वॉकरची चाकं मुद्दाम पोरांच्या बोटांवर नेते. तुमच्या मुलानं तिला व्हरांड्यात पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "शनिवारी आईच्या नावानं कार्यक्रम ठेवू. गोष्ट तुम्ही सांगजा, पुस्तकातली पोरगी तुम्हीच ना. अन् शेवटच्या पानावरचा बूट या लेकराच्या हातानं काढवू. फोटो मस्त येईन." मी नाही म्हटलं. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पुस्तकाइले दोन कपाटं देऊन राह्यले ते. एक बूटच तं काढाचा हाये." एक बूटच. सरांना काय सांगणार? माझी हनुवटी दाखवू?

दुसऱ्या दिवशी मी तुमचं पुस्तक वर्गात उघडलं. मुलांदेखत त्याची चिरफाड करायची असं ठरवूनच गेले होते. पण पोरांनी माझी छापील पुस्तकं बाजूला सारली आणि तुमच्या बटणांवर तुटून पडली, मग मला बोलायला कोण देतंय! शेवटचं पान त्या वॉकरवाल्या मुलीनं मांडीवर ओढून घेतलं. टिच टिच टिच, बूट काढला. तिनं बूट उलटसुलट पाहिला, पानावर तुम्ही हिरव्या फितीची एक वाट शिवली आहे तिच्यावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "मॅडम, बूट इथीच ठेवला तं हे घरी कशी जाईन?" शेजारचा म्हणाला, "पळत जाईन." ती त्याच्यावर खेकसली, "एवढी मोठी वाट हाये, पाह्य ना!" आणि तिनं बूट परत लावला, एकेक बटण अंगठ्यानं दाबून. आधी खालचं, मग मधलं, मग वरचं. तिला कोणी सांगायला लागलं नाही.

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात सुई घेऊन बसले आणि तो बूट बाहुलीच्या पायावर शिवून टाकला. दुहेरी दोऱ्यानं, चारही बाजूंनी. तुमचे टाके बारीक आहेत, माझे ओबडधोबड दिसतात. तुमच्या मुलाला फोन करून सांगितलं की पुस्तक वाचीन, बूट काढणार नाही. "ठीक हाये, तुमची मर्जी," तो म्हणाला. शनिवारी मी वाचलं. गुणी मुलीची पानं गाळली, पिशवीच्या तळाशी निघालेलं भाजीबाजाराचं पुस्तक मध्ये जोडलं आणि मुलीला भाजी आणायला पाठवलं. शेवटचं पान आलं आणि तुमचा मुलगा न राहवून पुढं झाला, फोटो काढायला त्यानं आणलेला पोरगा फोन घेऊन तयार. वॉकरवाल्या मुलीला म्हणाला, "काढ बेटा, काढ तो बूट." तिनं ओढून पाहिला. मग त्याच्याकडे वर बघून सांगितलं, "निघत नाई. शिवला हाये. अन् राहू द्या ना, तिले घरी जाचं हाये." पालक हसले. तुमचा मुलगाही हसला, जरा उशिरानं. कपाटं यायची आहेत, येतील न येतील.

एवढं सगळं तुमच्या माथी मारून झालं, बाई, आणि आता हे फाडून टाकावं की वहीत ठेवावं कळत नाही. पाठवायचा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट राहिली आहे. हनुवटीची कहाणी मी पन्नास वर्षं सांगत आले, नवऱ्याला, मुलांना, प्रशिक्षणात तर दोनदा. दरवेळी असंच, की त्यांनी माझा बूट काढला. पट्टे त्या मुलींनी सोडले हे खरं आहे. पण तुम्ही विचारलंत तेव्हा त्या गप्प राहिल्या त्या घाबरून नाही, मला सांभाळून घ्यायला. ओट्यावर पाय पसरून मीच बसले होते. त्या नको म्हणत होत्या आणि मी घाई करत होते. "लवकर काढा वं," मीच म्हटलं होतं, "बाई बाहेर आल्या का मी त्याइले पळून दाखवीन."